मित्र पांगल्यावर डी अँड डी कॅम्पेन ऑनलाइन कसं चालवावं?

तुमचा प्रश्न असा आहे: कॉलेजपासून तुम्ही पाच जण पुण्यात दर शनिवारी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ (डी अँड डी) हा पात्रं वठवत गोष्ट रचण्याचा खेळ खेळत होतात. आता एक मित्र न्यू जर्सीला गेला, एक म्युनिकला, एक बंगळुरूला. पुण्यात डीएम (डंजन मास्टर, म्हणजे गोष्ट चालवणारा) म्हणून तुम्ही आणि एक मैत्रीण उरलात. बंगळुरूच्या मित्राकडे स्वतःचा लॅपटॉप नाही, तो फोनवरूनच खेळणार. नकाशा आणि फासे ऑनलाइन मांडणाऱ्या सॉफ्टवेअरपैकी रोल२० घ्यावं की फाउंड्री, खर्च किती येईल, आणि एकत्र बसून खेळण्यातली मजा उरते का, हे तुम्हाला हवंय.

मजा उरते. मी बरीच वर्षं दूरदूरच्या खेळाडूंना घेऊन खेळ चालवतोय, आणि काही प्रसंग तर टेबलापेक्षा ऑनलाइनच जास्त रंगतात. ते कोणते, हे नकाशाच्या भागात लिहितो. पण सॉफ्टवेअर सगळ्यात शेवटी ठरवा. आधी वेळ, मग आवाज, मग नकाशा. कॅम्पेन, म्हणजे अनेक बैठकांत चालणारे खेळ, बंद पडतात ती पहिल्या दोन गोष्टींमुळे. चुकीचं सॉफ्टवेअर घेतलं म्हणून मोडलेलं एकही कॅम्पेन मला आठवत नाही.

वेळेचं आधी बघू. भारतात घड्याळ वर्षभर तसंच राहतं. अमेरिकेत ते मार्चच्या दुसऱ्या रविवारी एक तास पुढे जातं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतं. युरोपात हेच मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होतं. म्हणजे तुम्ही शनिवारी संध्याकाळी ७.३० धरलेत, तर उन्हाळ्यात न्यू जर्सीत सकाळचे १० आणि म्युनिकमध्ये दुपारचे ४ वाजलेले असतील. थंडीत अनुक्रमे ९ आणि ३. मार्चमधले दोन-तीन आठवडे आणि ऑक्टोबरच्या अखेरचा साधारण एक आठवडा असा असतो, की एकाचं घड्याळ बदललेलं असतं आणि दुसऱ्याचं नसतं. तेव्हा न्यू जर्सीत १० आणि म्युनिकमध्ये ३ वाजतात. नेमक्या याच आठवड्यांत कोणीतरी तासभर उशिरा उगवतो आणि बाकीचे वैतागतात. म्हणून वेळ कायम भारतीय घड्याळाप्रमाणे जाहीर करा, कारण तुमच्यातलं न हलणारं घड्याळ तेच आहे. डिस्कॉर्ड या बोलण्याच्या आणि चॅटच्या अ‍ॅपवर वेळ अशी टाकता येते, की ज्याला त्याला ती आपापल्या स्थानिक वेळेत दिसते. ती सोय वापरा.

दर आठवड्याचा हट्ट सोडा. एक आड एक शनिवार ठरवून टाका आणि दर वेळी ‘कोणाला कधी जमेल?’ असं मतदान घेणं बंद करा. मतदान सुरू झालं की खेळ लांबणीवर पडायला लागतो. चारपैकी तीन खेळाडू असतील तर खेळायचं, हे आधीच सगळ्यांकडून कबूल करून घ्या. सेशन अडीच ते तीन तासांचं ठेवा. टेबलावर पाच तास आरामात निघतात, कारण मध्ये चहा होतो, गप्पा होतात, कोणीतरी उठून गॅलरीत जातं. कानात इअरफोन घालून पाच तास कोणालाच झेपत नाहीत. सव्वा तासाने दहा मिनिटांची सुट्टी द्या, आणि ती खरोखर द्या.

आता आवाज. हा खेळ मुळात बोलण्याचा आहे. १९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ पहिल्यांदा छापून आला, तेव्हापासून त्याचं मूळ चक्र तेच आहे: डीएम परिस्थिती सांगतो, खेळाडू आपण काय करतो ते सांगतो, गरज पडली तर फासे पडतात, डीएम पुढचं सांगतो. नकाशा नसला तरी हे चक्र चालतं. आवाज तुटला की मात्र जागच्या जागी थांबतं. त्यामुळे पैसे खर्च करायचेच असतील तर पहिले पैसे माइकवाल्या वायरच्या इअरफोनवर घालवा. ब्लूटूथ हेडसेटचा माइक चालू झाला की बहुतेक हेडसेट फोन कॉलच्या दर्जावर उतरतात आणि सगळ्यांचे आवाज डब्यातून आल्यासारखे येतात.

आवाजासाठी डिस्कॉर्ड वापरा. रोल२० आणि फाउंड्री या दोन्हींत स्वतःची ऑडिओ-व्हिडिओची सोय आहे, तरी ती वापरू नका. नकाशाचं पान अडकलं, सर्व्हर बसला, ब्राउझर बंद करून पुन्हा उघडावा लागला, तरी बोलणं चालू राहिलं पाहिजे. शिवाय फाउंड्री घरच्या कॉम्प्युटरवरून साध्या जोडणीने चालवलंत, तर खेळाडूंचे ब्राउझर माइक आणि कॅमेरा वापरूच देत नाहीत. त्यासाठी सुरक्षित एचटीटीपीएस जोडणी लागते. डिस्कॉर्डमध्ये आवाजातला गोंगाट गाळण्याची सोय चालू ठेवा. छताचा पंखा आणि कुकरची शिट्टी ती बऱ्यापैकी कापते. मात्र कोणी टेबलावर खरे फासे टाकत असेल तर त्यांचा खडखडाटही ती गिळते.

टेबलावर दोघं एकदम बोलले तरी कान निवडून ऐकतात; ऑनलाइन दोघांचंही वाया जातं. म्हणून डीएमने बोलणं वाटून द्यायला शिकावं. ‘तुम्ही काय करता?’ असं मोघम विचारलं की आधी शांतता, मग तिघांचा एकदम गलका. त्याऐवजी पात्राचं नाव घ्या: ‘दुर्गा, दार तुझ्यासमोर आहे. आतून खोकल्याचा आवाज येतोय. काय करतेस?’ लढाईत पुढच्या दोघांची नावं सांगत जा: ‘आता कासिमची पाळी, त्यानंतर दुर्गा तयार राहा.’ एवढ्या एका सवयीने लढाईचा वेग जितका वाढतो, तितका कुठल्याही मॉड्यूलने (सॉफ्टवेअरला जोडायच्या जादा भागाने) वाढलेला मी पाहिलेला नाही.

तुम्ही मराठीत खेळता याचा आवाजाच्या खेळात मोठा फायदा आहे. सराईवाला तुमच्या योद्ध्याला ‘आपण’ म्हणतो आणि सोबतच्या चोराला ‘काय रे’ म्हणतो, तेव्हा कॅमेरे बंद असले तरी कोणाची पत किती आणि सराईवाला कोणाला ओळखून आहे, हे सगळ्यांना ऐकू येतं. याचा मुद्दाम वापर करा.

सॉफ्टवेअरकडे वळतो. हा प्रकार नवा नाही. फँटसी ग्राउंड्स २००४ पासून आहे, रोल२० हे २०१२ मध्ये किकस्टार्टरवर पैसे उभे करून आलं, आणि फाउंड्रीची पहिली स्थिर आवृत्ती मे २०२० मध्ये आली, जेव्हा जगभरचे खेळाडू घरात अडकले होते. तुमच्या गटासाठी मी फँटसी ग्राउंड्स बाजूला ठेवेन. त्यात नियमांची यंत्रणा फार बारकाईने बसवलेली आहे, पण ते प्रत्येकाला आपल्या कॉम्प्युटरवर टाकून घ्यावं लागतं, आणि फोनवाल्या मित्राचा प्रश्न तिथेच संपतो.

आउलबेअर रोडिओ सगळ्यात हलकं आहे. डीएमने खातं उघडायचं, खोली तयार करायची, दुवा पाठवायचा. खेळाडूंना खातंही लागत नाही. नकाशा, टोकन (पात्राची सोंगटी), धुकं (न पाहिलेला भाग झाकणारं), मोजपट्टी, फासे एवढं त्यात मिळतं, फोनवर नीट चालतं आणि फुकटात सुरुवात होते. कॅरेक्टर शीट, म्हणजे पात्राच्या आकड्यांची नोंद, मात्र वेगळ्या जागी ठेवावं लागतं, कागदावर सुद्धा चालेल. रोल२० ब्राउझरमध्ये चालतं, फुकट खात्यात चित्रांसाठी १०० एमबी जागा मिळते, शीट आणि फासे एकमेकांना जोडलेले असतात. ज्याला डायनॅमिक लायटिंग म्हणतात, म्हणजे प्रत्येक पात्राला फक्त त्याच्या नजरेच्या टप्प्यातलं दिसणं, त्यासाठी डीएमला पैसे भरून वर्गणीदार व्हावं लागतं, खेळाडूंना नाही. फाउंड्रीचा परवाना एकदाच घ्यायचा, ५० डॉलर अधिक कर, आणि तोही एकट्या डीएमने. खेळाडू ब्राउझरमधून येतात. यात सगळं येतं: प्रकाश, भिंती, दारं, आवाज, हजारो मॉड्यूल्स. त्या बदल्यात सर्व्हर तुम्ही सांभाळायचा.

या सर्व्हरवरच बहुतेक जण अडखळतात, म्हणून जरा सविस्तर. फाउंड्री तुमच्या कॉम्प्युटरवर चालू होतं आणि ३०००० क्रमांकाच्या पोर्टवर (जोडणीच्या दारावर) खेळाडूंची वाट पाहतं. राउटरमध्ये तो पोर्ट उघडून दिला की बाहेरचे आत येतात, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. आपल्याकडच्या बऱ्याच घरगुती ब्रॉडबँडवर हे चालत नाही, कारण कंपनी अनेक घरांना मिळून एकच सार्वजनिक आयपी पत्ता देते. याला सीजीनॅट म्हणतात. राउटरमधला बाहेरचा पत्ता आणि ‘माझा आयपी काय’ असं शोधल्यावर दिसणारा पत्ता वेगळे असतील, तर तुमच्याकडे हेच आहे आणि राउटरशी झटापट करण्यात अर्थ नाही. मग तीन वाटा उरतात: कंपनीकडून स्थिर पत्ता विकत घ्या, टनेल, म्हणजे राउटरला वळसा घालून आत येणारी वाट, जोडून देणारी सेवा वापरा, किंवा द फोर्जसारख्या ठिकाणी महिन्याचं भाडं भरून फाउंड्री तिथे ठेवा. संध्याकाळी ऑफिसमधून येऊन लगेच खेळ चालवायचा असेल तर मी तिसरी वाट सांगेन.

घरूनच चालवणार असाल तर अपलोडचा हिशेब करा. नकाशाचं चित्र २० एमबीचं असेल तर चार खेळाडूंना मिळून ८० एमबी तुमच्या घरातून बाहेर जायचे. अपलोड १० एमबीपीएस असेल तर त्याला मिनिटभराहून जास्त लागेल, आणि तेवढा वेळ सगळे काळ्या पडद्याकडे बघत बसतील. तेच चित्र वेबपी या कमी जागा घेणाऱ्या स्वरूपात ३ एमबीवर आणलं तर दहा सेकंदांत पोचतं. पुढचा नकाशा आधीच खेळाडूंच्या ब्राउझरमध्ये उतरवून ठेवण्याची सोय फाउंड्रीत आहे. चहाच्या सुट्टीत ते करून टाका. न्यू जर्सीपर्यंत अर्ध्या सेकंदाचा उशीर झाला तरी बिघडत नाही, पाळीपाळीने खेळायचा खेळ आहे.

कॅम्पेन चालू असताना फाउंड्रीची मोठी आवृत्ती कधीच बदलू नका. मॉड्यूल्स वेगवेगळ्या लोकांनी लिहिलेली असतात आणि सगळी एकाच वेळी नव्या आवृत्तीला तयार होत नाहीत. एखादी कथा संपून महिनाभर सुट्टी असेल तेव्हा, आधी कॅम्पेनच्या सगळ्या फाइलींची पूर्ण प्रत काढून मगच बदला. मॉड्यूल्सही मोजकीच ठेवा.

आता नकाशा. माझं ठाम मत आहे की जिथे कोण कुठे उभं आहे याने फरक पडतो, तिथेच नकाशा काढावा. राजसभा, बाजार, प्रवास, घासाघीस यांना एखादं चांगलं चित्र पुरेसं आहे. नकाशा समोर आला की खेळाडू पात्राच्या तोंडून बोलायचे थांबतात आणि टोकन सरकवायला लागतात. तसं करायला लावायचं असेल तेव्हाच नकाशा उघडा.

जेव्हा उघडाल तेव्हा मात्र त्याचं सोनं करा. प्रत्येकाला वेगळं दिसणं ही गोष्ट खऱ्या टेबलावर करताच येत नाही. मी किल्ल्याचा नकाशा गोमुखी दरवाजा धरून आखतो. रायगडाच्या महादरवाजात जसे दोन बुरूज पुढे येऊन एकमेकांकडे वळतात आणि दार त्यांच्या कुशीत लपतं, तशी रचना. डायनॅमिक लायटिंगमध्ये खेळाडू बुरुजांसमोर येतो तेव्हा त्याला फक्त दगडी वळण दिसतं. तो चार चौकोन आत सरकतो, वळतो, आणि तेव्हा कुठे दार उजेडात येतं. तोवर दोन्ही बाजूंच्या तटावरचे पहारेकरी त्याच्या डोक्यावर असतात. मागे राहिलेल्या साथीदारांना यातलं काहीच दिसत नाही. त्यांना त्याच्या बोलण्यावर विसंबावं लागतं. टेबलावर नकाशा अंथरला असता तर सगळ्यांनी दार पहिल्याच क्षणी पाहिलं असतं.

हे जमवायला काही बारकावे लागतात. भिंतीची रेघ दगडाच्या अगदी कडेवर काढू नका. थोडी आत, दगडाच्या जाडीत काढा, म्हणजे खेळाडूला भिंतीचा पृष्ठभाग दिसतो, नाहीतर त्याला सगळीकडे काळा पट्टाच दिसेल. खिडकी आणि जंग्या (तटातली मारा करायची भोकं) यांना वेगळ्या प्रकारची भिंत द्या, जिच्यातून नजर जाते पण माणूस जात नाही. एक चौकोन म्हणजे खेळातले ५ फूट. फाउंड्रीत मूळ मांडणीत एक चौकोन १०० पिक्सेलचा असतो, रोल२० मध्ये ७० चा. म्हणजे ४० बाय ३० चौकोनांचा किल्ला फाउंड्रीसाठी ४००० बाय ३००० पिक्सेलचा काढा, जाळी आपोआप जुळते. उंची या सपाट नकाशात दिसत नाही, म्हणून तटावरच्या टोकनवर उंचीचा आकडा टाका आणि तोंडानेही सांगा. आणि सेशनच्या आदल्या दिवशी ब्राउझरची खासगी खिडकी उघडून, खेळाडू म्हणून आत शिरून, तो नकाशा स्वतः चालून बघा. एखाद्या कोपऱ्यात भिंतीच्या दोन रेघांमध्ये फट राहिली, तर त्यातून आख्खा बालेकिल्ला दिसतो.

फाशांबद्दल लोक बराच वाद घालतात. माझा नियम सोपा आहे: जे सॉफ्टवेअरमध्ये टाकतील त्यांनी सगळ्यांसमोर टाकावेत, ज्यांना हातात फासे हवेत त्यांनी हातात टाकावेत, आणि त्यांनी सांगितलेला आकडा मान्य करावा. कॉलेजपासूनच्या मित्रांवर विश्वास नसेल तर कॅम्पेनला वेगळाच आजार आहे. एक मात्र कटाक्षाने पाळा: बटण दाबण्याआधी खेळाडूने पात्र काय करतंय ते बोलून दाखवायचं. सॉफ्टवेअर एका क्लिकमध्ये वार, बेरीज, नुकसान सगळं करून टाकतं, आणि कोणी तोंड न उघडता लढाई आटोपते. ‘मी त्याच्या ढालीखालून वार करतो’ हे आधी, क्लिक नंतर.

कुजबुज मात्र भरपूर वापरा. एकाच खेळाडूला संदेश पाठवायचा, की ‘हा आवाज तू आधी ऐकलायस’. टेबलावर चिठ्ठी सरकवली की सगळ्यांच्या नजरा तिकडे जातात; इथे कोणाला पत्ता लागत नाही, आणि तो खेळाडू ते सांगतो की दडवतो यावर पुढचा अर्धा तास रंगतो.

पत्रं, फर्मानं, नकाशावरची नावं देवनागरीत ठेवा. युनिकोड मजकूर रोल२० आणि फाउंड्रीच्या नोंदींत चालतो. अडचण येते ती सजावटी फॉन्टची, कारण त्यांत देवनागरी अक्षरंच नसतात आणि मग साधा फॉन्ट मध्येच डोकावतो. फाउंड्रीत स्वतःचा फॉन्ट चढवता येतो. मजकुरासाठी ‘मुक्त’ (Mukta) नावाचा फॉन्ट, आणि जुनी छपाई वाटायला हवी असेल तर तिरो देवनागरी मराठी. दोन्ही मोफत आहेत, आणि दुसऱ्यात ल आणि श आपल्या वळणाचे आहेत. रोल२० वर पत्र चित्र म्हणून करून चढवणं सोपं पडतं.

पुस्तकांवर खर्च करण्याआधी हे ध्यानात घ्या, की एका ठिकाणी विकत घेतलेलं डिजिटल पुस्तक दुसरीकडे आपोआप येत नाही. पाचव्या आवृत्तीच्या मूळ नियमांचा एसआरडी ५.१ हा संच जानेवारी २०२३ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्सखाली खुला झाला, त्यामुळे मुख्य वर्ग, मंत्र आणि बरेचसे राक्षस सगळीकडे फुकट मिळतात. तुमची छापील पुस्तकं आहेतच. पहिले सहा महिने तरी काही विकत घेऊ नका.

आणखी एक गोष्ट, जी मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. टेबलावर कोणाचा चेहरा उतरला तर लगेच कळतं. इथे तो म्युट करून गप्प बसतो आणि तुम्हाला वाटतं नेट गेलं. म्हणून पहिल्या बैठकीत कुठले विषय अजिबात नकोत आणि कुठले आडपडद्याने चालतील, हे विचारून लिहून ठेवा. जॉन स्टाव्रोपोलस यांचं एक्स-कार्ड ऑनलाइन फार सोपं आहे: कोणीही चॅटमध्ये नुसती एक फुली टाकायची, कारण द्यायचं नाही, आणि डीएमने प्रसंग तिथेच वळवायचा. फुली तुम्हाला एकट्याला पाठवली तरी चालेल असं सांगा. सेशन संपल्यावर पाच मिनिटं थांबून, कॅमेरे लावून, खेळाबाहेरच्या गप्पा मारा. दूर गेलेल्या मित्राला बऱ्याचदा त्याच पाच मिनिटांची गरज असते.

वीज किंवा नेट गेलं तर काय करायचं, तेही आधीच ठरवा. आम्ही दहा मिनिटं थांबतो. मग त्याचं पात्र त्याने आधीच नेमलेला दुसरा खेळाडू चालवतो, आणि त्या पात्राला त्याच्या गैरहजेरीत मारायचं नाही. डीएमचं नेट गेलं तर फोनच्या हॉटस्पॉटवर आधी फक्त डिस्कॉर्ड सुरू करायचं आणि नकाशाशिवाय पुढे चालायचं.

तर तुमच्यासाठी माझा सल्ला: पहिले दोन-तीन महिने आउलबेअर रोडिओ आणि डिस्कॉर्ड, दोन्ही फुकट. जुनं कॅम्पेन पहिल्याच दिवशी तिथे नेऊ नका. एका बैठकीत संपेल अशी छोटी गोष्ट, नवी पात्रं, एकच नकाशा, एवढं करून बघा, म्हणजे कोणाचा माइक खरखरतो आणि कोणाला टोकन सापडत नाही ते तिथेच कळेल. बंगळुरूच्या मित्राला फोन आडवा धरून नकाशा बघता येईल. त्याचं शीट कागदावर असू दे आणि त्याचा फोटो तुमच्याकडे ठेवा. पुढे अंधार, भिंती, गुप्त दारं हवीशी वाटली तर फाउंड्री घ्या, आणि त्या आधी त्याच्यासाठी जुना, ब्राउझर नीट चालवणारा लॅपटॉप बघा, कारण फाउंड्री फोनच्या पडद्यासाठी बनवलेलं नाही. पाच जणांनी वर्गणी काढलीत तर लॅपटॉप आणि परवाना दोन्ही त्यात बसवता येतील.